मूळ कागद मी ठेवून घेतले

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही होतात तेव्हा लिहायची गरज नव्हती. शनिपारावरून चालत सदाशिव पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत आलं की झालं. आज लिहायला बसले आहे ती तुमची आठवण आली म्हणून नव्हे. आठवण येऊ नये अशीच माझी हल्ली खटपट असते. मी आता मांजरी गावाच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंगची मुख्य आहे. मोठं टेबल आहे, दारावर नावाची पाटी आहे, साठ-सत्तर मुली मला मॅडम म्हणतात. तुम्ही असता तर पाटी वाचून म्हणाला असता, "नाव तरी बरोबर लिहिलंय हो." आणि मग खुर्चीवर न बसता सरळ वॉर्डात गेला असता. त्याचीच मला भीती वाटते.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत घरी जायला न परवडणाऱ्या आम्ही चार-पाच जणी रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचो. तुम्ही ओट्याशी पोळ्या लाटता आहात, स्टोव्हवर आमटी उकळते आहे, आणि आमच्यातली एक जण फरशीवर फतकल मारून पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती मोठ्याने वाचते आहे. नर्सिंग स्कूलमध्ये तुम्ही आम्हाला शरीरशास्त्र शिकवलंत, पण खरा वर्ग हा होता. "आकर्षक पगार," ती वाचते. तुमचं लाटणं थांबत नाही. "आकडा सांगायची लाज वाटते, असं वाच." "अनुभवाची अट नाही." "कारण अनुभव असलेली तिथे टिकत नाही." "कौटुंबिक वातावरण." यावर मात्र तुम्ही मागे वळून बघता. "म्हणजे रजा मागायची नाही आणि उलट बोलायचं नाही. पुढची वाच." आम्ही हसून हसून लोळायचो. मग तुम्ही पोळीवर तूप वाढता वाढता गंभीरपणे सांगायचात, की जाहिरात कुणीही लिहितं, तिच्यावर जाऊ नका. वॉर्डात जायचं, प्यायला पाणी मागायचं, आणि पाणी पिता पिता भिंतीवरचा ड्युटी चार्ट वाचायचा. रात्रपाळीला किती नावं आहेत, एकच नाव सकाळी आणि रात्री दोन्हीकडे आहे का, सुट्टीच्या रकान्यात काही लिहिलंय की नुसती शाई सांडलीये. हॉस्पिटल कसं आहे ते चार्टवरून कळतं, कारण तो बाहेरच्यांसाठी लिहिलेला नसतो.

निकाल लागला तेव्हा तुम्ही मला एक प्लास्टिकची फाइल दिलीत. आत माझ्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या वीस-वीस झेरॉक्स, सगळ्या तुम्ही स्वतः रांगेत उभं राहून साक्षांकित करून आणलेल्या. "मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. देवाला दाखवायचा असला तरी झेरॉक्स दाखवायची." मी मान डोलावली आणि पंधरा दिवसांत तुमचं म्हणणं विसरले. कसबा पेठेजवळच्या एका नर्सिंग होममध्ये मला नोकरी लागली, पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले, आणि बोलता बोलता सांगून गेले की त्यांनी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतलीत. तुम्ही पेढा तोंडात न घालता वाटीत ठेवलात. चपला घातल्यात. आपण दोघी भर उन्हात चालत गेलो. तिथल्या काउंटरवर तुम्ही एवढंच म्हणालात, "या मुलीचे कागद हवेत. मी थांबते." डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे, उद्या या, असं सांगून झालं. तुम्ही बाकावर बसलात. दोन तास बसलात, पंखा नव्हता, पदराने वारासुद्धा घेतला नाहीत. शेवटी किल्ली सापडली. परत येताना लक्ष्मी रोडवर तुम्ही एकदाच बोललात. "गळ्यातलं काढून दिलं असतंस का कुणाला? मग हे कसं दिलंस?" मी पुढचा सगळा रस्ता खाली मान घालून चालले.

हे सगळं मला पाठ आहे, म्हणून पुढचं लिहिणं जड जातंय. आमच्या हॉस्पिटलची जाहिरात आता मी लिहिते, बाई. पेपरात नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते. मॅनेजर म्हणाला होता, "मॅडम, तुमचा टच असला की ॲड जेन्युइन वाटते." पहिल्या वेळी मी ड्युटी बारा तासांची आहे असंच लिहिलं. एकही फोन आला नाही. मालक डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "शेजारचे आठ लिहितात आणि बारा करून घेतात. आपणच हरिश्चंद्र कशाला व्हायचं?" पुढच्या वेळी मी आठ लिहिले. राहण्याची उत्तम सोय लिहिली. ती सोय म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकरा मुली आणि एक बाथरूम. बोट आपलं चालत राहिलं. शेवटी कौटुंबिक वातावरण हेही लिहिलं, आणि लिहिताना मला तुमची ओट्याशी वाकलेली पाठ दिसली, तरी खोडलं नाही.

मुलाखती रविवारी असतात. मला तिथे बसवतात ते मुलींना पारखायला नाही, आईबापांना धीर यावा म्हणून. पांढरे केस, इस्त्रीची साडी, शुद्ध बोलणं. लांबून आलेले वडील माझ्याकडे बघतात आणि त्यांचे खांदे सैल होतात. आणखी एक सांगते, आता लपवून काय करू? आमच्याकडे दोन चार्ट आहेत. एक खरा, आणि एक तपासणीला माणसं येतात तेव्हा लावायचा. त्या दुसऱ्यात प्रत्येक पाळीला पाच नावं आहेत. त्यातल्या दोघी केव्हाच सोडून गेल्यात आणि एक मालकांच्या नात्यातली आहे, जिने सुई लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. मुलाखतीच्या रविवारीही हाच चार्ट भिंतीवर लावायचा, ही कल्पना मालकांची नाही, मॅनेजरची नाही, माझी आहे. पाणी पिता पिता मुलगी काय वाचते हे त्यांना कुठून माहीत असणार?

दोन वर्षांपूर्वी परभणीकडची एक मुलगी आली. वडिलांचं तालुक्याला शिलाईचं दुकान. मुलाखत झाल्यावर म्हणाली, "मॅडम, वॉर्ड बघू का एकदा?" मी तिला वर घेऊन गेले. ती खाटांकडे बघेना, यंत्रांकडे बघेना. सरळ चार्टपाशी गेली आणि बोट फिरवत वाचायला लागली. "हे कुणी शिकवलं गं तुला?" "कॉलेजच्या टीचरनी. त्यांना त्यांच्या पुण्यातल्या बाईंनी सांगितलेलं म्हणे." ती टीचर म्हणजे आपल्या रविवारच्या पंगतीतलीच कुणी असणार. मी नाव विचारलं नाही. मुलीने वाचून संपवलं आणि माझ्याकडे बघून हसली. खाली वडील म्हणाले, "पोरगी म्हणते, चांगलंय. आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही तिच्या आईच्या वयाच्या, तुमच्यावर सोडून चाललो बरं का." मी त्यांच्यासाठी चहा मागवला. मग व्हेरिफिकेशनसाठी मूळ प्रमाणपत्रं लागतील, आठ दिवसांत परत मिळतील, असं सांगितलं. मुलगी घुटमळली. "टीचर नको म्हणल्या होत्या, मॅडम. झेरॉक्स आहेत ना." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, मी आहे ना." कागद लोखंडी कपाटात गेले. त्या कपाटाच्या दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. वर्ष पुरं केल्याशिवाय कुणाचे कागद द्यायचे नाहीत असा तिथला नियम, तो जाहिरातीत नसतो.

पोरगी गुणी निघाली. आयसीयूत सात पेशंटमागे कित्येकदा ती एकटी असायची, तरी कुणाची चादर ओली राहिली नाही. एकदा विचारलं तिने, "मॅडम, तेव्हाच्या चार्टात तर पाच जणी होत्या ना?" मी म्हटलं, "त्या महिन्यात स्टाफ होता गं." तिला ते पटलं. अकराव्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, ती माझ्या खोलीत धावतच आली. तिच्याच जिल्ह्यात सरकारी नोकरीच्या निवड यादीत तिचं नाव लागलं होतं. "शेवटून तिसरं आहे मॅडम, पण लागलं!" दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कागदपत्रांची पडताळणी, मूळ प्रती घेऊन. रात्रीच्या गाडीचं तिकीट तिने काढलेलं होतं. मॅनेजर एका लग्नाला कोल्हापूरला गेलेला. किल्ली माझ्या साडीत खोचलेल्या रुमालात होती, पोटाला लागत होती. मी म्हणाले, "किल्ली मॅनेजर साहेबांकडे आहे गं."

"फोन करून बघा ना, मॅडम. तुमचं ऐकतील."

मी मोबाइल कानाला लावला. कुणालाही फोन लावला नव्हता, बाई. बंद फोनवर मी बोलत होते. "सर, मुलीच्या आयुष्याचं काम आहे... नाही, मी जबाबदारी घेते, सर... एकदा विचार करा ना, सर." माझा आवाज खरंच भरून आला होता, तो का, हे मला अजून कळत नाही. मग फोन खाली ठेवून मी मान हलवली. ती रडली नाही. तिने माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उलट माझ्याकडेच सरकवला आणि म्हणाली, "जाऊ द्या, मॅडम. तुम्ही तरी किती करणार?" आणि उरलेली पाळी पुरी करायला ती परत आयसीयूत गेली, कारण तिच्या जागी दुसरं कुणी नव्हतंच. रात्रीच्या गाडीने झेरॉक्स घेऊन गेली. तिथे त्यांनी मूळ प्रती मागितल्या, नाहीत म्हटल्यावर पुढच्या नावाला बोलावलं.

तुम्ही विचाराल, का? मालकांनी दम दिला होता का? नव्हता. त्यांना तर ठाऊकही नव्हतं. त्या आठवड्यात तीन मुली सोडून गेल्या होत्या. हीही गेली असती तर रात्रपाळीला मला उभं राहावं लागलं असतं, आणि माझे गुडघे दुखतात. मी खूप शोधलं, पण याच्यापेक्षा मोठं कारण मला सापडलं नाही. मोठं असतं तर मी तुम्हाला सांगायला केव्हाच आले असते.

वर्ष भरल्यावर तिला कागद मिळाले आणि ती गावाकडे गेली. आता तालुक्याच्या एका दवाखान्यात आहे. पुढची भरती निघाली तेव्हा यादीत तिचं नाव लागलं नाही, असं मला दुसऱ्या मुलीकडून कळलं. हे पत्र मी कुठे टाकणार? तुमच्या खोल्यांत आता स्पर्धा परीक्षेवाल्यांची अभ्यासिका झाली आहे. पोस्टाने पाठवलं तर कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवेल, आणि तेही ठीकच. राजीनामा लिहून ठेवलाय, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. लिहिलेला नाही. परवा रविवार आहे, नऊ मुली यायच्या आहेत, आणि मी साडी इस्त्रीला दिली आहे.

गेल्या दिवाळीत त्या मुलीचा मेसेज आला. "मॅडम, त्या दिवशी माझ्यासाठी तुम्ही किती विनवण्या केल्या, मी कधी विसरणार नाही. पप्पा पण तुमची आठवण काढतात." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणखी काही नाही. तो मेसेज मी पुसलेला नाही. कधी स्वतःबद्दल फारच वाईट वाटायला लागलं की मी तोच उघडून वाचते, आणि बाई, मला बरं वाटतं.