अन्वीच्या घराला अट नाही

मी, स्नेहलता ह्यू मॅकॉल, माहेरची स्नेहलता आत्माराम दांडेकर, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त परिचारिका, राहणार निप्पेस, कोलोन, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि कुणाच्याही दबावाला न जुमानता लिहीत आहे. (दबाव आला होता; तो कलम पाचमध्ये येईल.) डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही. माझ्या शुद्धीबद्दल कुणाला शंका असेल तर त्याने माझ्याशी रमी खेळून पाहावी. इथल्या कायद्याने सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, भाषा कोणतीही चालते. म्हणून मराठी. भाषांतराची काळजी न्यायालयाने करावी.

१. माझे दहन करावे. कलश मिरजेला नेण्याची धावपळ करू नये. इथले कायदे त्यात शंभर खोड्या काढतात. ह्यूंच्या शेजारी माझी जागा राखलेली आहे, तिथेच ठेवावा.

२. बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने मुलगा प्रताप यास.

३. दिवाणखान्याच्या कपाटातली काळी टोपीही प्रतापलाच. माझे यजमान ह्यू मॅकॉल हे स्कॉटलंडचे व्यावसायिक फुटबॉलपटू. यांचे वडील कोळशाच्या खाणीत. हे सतराव्या वर्षी तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबात लागले आणि बचावफळीत मधोमध उभे राहून उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवू लागले. एकदाच, फक्त एकदाच, देशाकडून परदेशात खेळले. देशाकडून खेळणाऱ्याला तिकडे मानाची टोपी मिळते. पण त्या काळी ती शेजारच्या ब्रिटिश संघांशी खेळलेल्यांनाच देत. यांना मिळाली नाही.

पुढे ते इथे एका कारखान्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले, फुटलेली भुवई घेऊन माझ्या वॉर्डात आले, आणि आम्ही लग्नाला मिरजेला गेलो. जावई परदेशी म्हणून माझे वडील महिनाभर धुसफुसत होते. मुहूर्ताला मात्र "बोडक्याने उभं राहायचं नाही" म्हणून त्यांनी स्वतःची ही काळी टोपी काढून यांच्या डोक्यावर ठेवली. हे भर मांडवात रडले. वडिलांना वाटले, टोपी घट्ट झाली. फुटबॉलच्या जुन्या वस्तू जमवणारे ती मानाची टोपी समजून ही मागायला येतील. त्यांना चहा द्यावा, टोपी देऊ नये.

४. ह्यूंची बुटांना खिळे ठोकायची हातोडी माझी नात अन्वी हिच्या फुटबॉल-प्रशिक्षक फ्राऊ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, यांना. हल्लीच्या बुटांना खिळे ठोकावे लागत नाहीत हे मला ठाऊक आहे. चित्रे टांगायला वापरावी. कारखान्याचा अख्खा संघ माझे ऐकून यांना 'अहो' म्हणत असे. त्यांपैकी कुणी हयात असेल तर त्यास माझा नमस्कार.

मात्र, स्कॉटलंडात एकदा डोक्याला मार बसून हे कोसळले असता ज्या मॅनेजरने ओला स्पंज फिरवून यांना पुन्हा मैदानात ढकलले, त्यांना मी माफ केलेले नाही. ते वारले आहेत. तरीही नाही.

५. आता निप्पेसचा हा फ्लॅट. माझी नात अन्वी, प्रतापची मुलगी, सतरा वर्षांची आहे आणि बचावफळीत आजोबांच्याच जागेवर खेळते. गेल्या महिन्यात प्रताप आला आणि चहाला हातही न लावता म्हणाला, "आल्झो, तर मग आई, मृत्युपत्रात अट घाल. अन्वीने फुटबॉल सोडला तरच फ्लॅट तिला. माझं ऐकत नाही, घरासाठी तरी ऐकेल."

त्याची भीती खोटी नाही. शेवटच्या वर्षांत ह्यूंना घरचा रस्ता सापडेना, मग चमचा कशासाठी असतो ते कळेना. पावसात भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारल्याचा हा परिणाम असावा, असे डॉक्टर म्हणाले. प्रतापने त्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आहे. हे मी विसरलेले नाही, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

पण दुखणे नुकते सुरू झाले होते, बोलणे अजून शाबूत होते, तेव्हा मी ह्यूंना विचारले होते, पुन्हा सतरा वर्षांचे झालात तर खेळाल का? ते म्हणाले, "खेळेन. पण कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

म्हणून मी अन्वीला सगळे सांगितले. आजीने सांगावे तसे नाही, नर्सने सांगावे तसे. ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये हूं हूं करत होती. शेवटी मराठीत विचारले, "आजी, आजोबांना दुखायचं का?" मी म्हटले, दुखायचे नाही, भीती वाटायची. ती रडली. दुसऱ्या दिवशी फ्राऊ क्रेमरना जाऊन सांगून आली, की सरावात डोक्याने चेंडू घेणार नाही. सामन्यात काय करायचे ते तिचे ती पाहील.

सबब, फ्लॅट अन्वीला, विनाअट. घर दाखवून पोरीचा खेळ काढून घेणे मला जमणार नाही. माझ्या वडिलांनी अशी अट घातली असती, तर प्रताप, तू नसतास.

६. हस्तलिखित मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. त्यातला एक प्रतापच असावा, म्हणजे उद्या तो लेकीला "मला माहीत नव्हतं" असे म्हणू शकणार नाही. त्याने संपूर्ण वाचावे, घाई करू नये. देवनागरी त्याला मीच शिकवली आहे.

कोलोन, दि. १९ ऑक्टोबर २०२५

(सही) स्नेहलता ह्यू मॅकॉल

साक्षीदार:

(सही) उल्हास शेजवलकर, शेजारी

(सही) प्रताप ह्यू मॅकॉल, मुलगा. वाचलं. पटलं नाही. सही केली आहे.