खुर्च्यांचे मोजे

३ नोव्हेंबर

सापडले! पहिलाच मोजा, शेवटचा टाका बंद करत होते, आणि बाईसाहेब दारात उभ्या. पलंगावरून उतरायचं नाही असं डॉक्टरनं बजावलंय, पण लेक माझी मांजरीच्या पावलांनी येते. आधी पोट, मग ती.

"आई, हे काय?"

"मोजा."

"कुणाचा?"

खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, पण जरा वेळ लागतो. समोर खुर्ची होती. म्हटलं, "खुर्चीचा. ओढली की किंचाळते मेली. खालचा म्हातारा काठीनं छत ठोकतो, ऐकत नाहीस?"

तिनं मोज्याकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. म्हणाली, "घालून दाखव."

गुडघे धरून खाली बसले, घातला. बरोबर बसला! खुर्चीला टाच नसते, तरी बसला.

"आणि बाकीचे तीन पाय?"

"होतील की."

"हं," म्हणाली आणि गेली. आता विणा.

४ नोव्हेंबर

ह्या घरात बोलायची बंदी आहे म्हणून लिहायचं. दुसरीतून शाळा सुटली माझी, अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण इथे वाचणार कोण.

दोनदा झालं असं. दोन्ही वेळा कप्पा भरून झबली-टोपरी तयार होती आणि दोन्ही वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आलो. तो कप्पा तिनं एकटीनं रिकामा केला, मला हात लावू दिला नाही. म्हणून ह्या खेपेला नियम. काही आणायचं नाही, शिवायचं नाही, विणायचं नाही. नाव काढायचं नाही. "आलं की बघू" — एवढंच.

बघू काय बघू! भर थंडीत येणार आहे. येताना कुणी कपडे घालून येत नाही, मी स्वतः दोन आणलीत.

लोकर दुकानातून आणली तर पिशवी दिसणार. म्हणून माझी उशी उसवलीय. आईनं भरून दिलेली, अस्सल मेंढीची. रोज मूठभर काढते, पिंजते, जावयांच्या डब्यात भरते. जावई घड्याळं दुरुस्त करतात. दुकानात बसून सूत काढतात. टकळी त्यांनीच केली, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा दांडा आणि खाली पितळी दातेरी चाक. भिंग डोळ्याला लावून असा धागा काढतात की केस बरा! माझा धागा म्हणजे सापानं उंदीर गिळलेला, मध्येच फुगतो.

परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझं घड्याळ झालं का?" तर हे म्हणाले, "थांबा हो, पीळ सुटेल." गिऱ्हाईक थांबलं म्हणे. बिचारं.

९ नोव्हेंबर

एक खुर्ची झाली. चारी पाय झाकले. बाईसाहेब पलंगावरून म्हणतात कशा, "बाकीच्या खुर्च्यांनी काय पाप केलंय?"

म्हणजे तिला सगळं कळलंय आणि ती माझी फिरकी घेतेय? की तिला काहीच कळलेलं नाही आणि ती खरंच खुर्च्यांचा विचार करतेय? पोटात घेतली तेव्हापासून ओळखते तिला, तरी सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर

आज कानटोपी. किटलीच्या नावावर घातली. चहा गरम राहतो म्हटलं.

"किटलीला कान कुठे असतात?"

"तोटी झाकायला एक, मुठीला एक."

"आणि गळ्याखाली बंद कशाला?"

तेवढ्यात जावई मध्ये पडले. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, घड्याळं सरळ करून करून तोंडही सरळ झालंय. म्हणाले, "ती... तिला सर्दी झालीय."

"किटलीला?"

"हो."

लेक हसली नाही. नुसता चहा मागितला. जावयांनी कानटोपीचे बंद सोडले, चहा ओतला, परत बंद बांधले. गाठ मात्र सुरेख मारतात.

२० नोव्हेंबर

नर्सबाई आली दर आठवड्यासारखी. दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग तिची नजर फिरली. खुर्च्यांचे पाय. किटली. दाराच्या मुठीला अंगठा नसलेला हातमोजा. (तो हात गरम राहावा म्हणून, असं घरात ठरलंय.)

"थंडी फार आहे का हो तुमच्याकडे?"

आम्ही तिघंही म्हणालो, "हो."

जाताना मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती हळूच म्हणाली, "काकू, किटलीचं डोकं एवढं मोठं नसतं."

"आमच्या किटलीचं आहे."

"नाही हो. सुरुवातीला किटली एवढीच असते." तिनं हातांचा गोल करून दाखवला. संत्र्याहून मोठा, नारळाहून लहान. "आणि खुर्चीचे पाय जाडजूड असतात. तुमचे मोजे मोठे होतायत, आखूड करा."

मी वर आले आणि कपाळाला हात लावला. सामानाच्या मापानं विणता विणता मी सगळं सामानाचंच विणून बसले! माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही. थोरल्याची तिघं पोरं बघून विसरून गेले की ती कधी लहान होती. आता नुसती खातात आणि मोजे फाडतात.

पण लहान टोपी विणली तर किटलीला बसणार नाही. मग ती टोपी कुणाची?

२१ नोव्हेंबर

जावयांनी उपाय काढला. लहान किटली घ्यायची.

भांड्यांच्या दुकानात गेले, खिशात नवी टोपी आणि घड्याळाच्या चकत्या मोजायचं यंत्र. एकेका किटलीला टोपी घालून बघितली. दुकानदार म्हणाला, "साहेब, झाकण नकोय का तुम्हाला?" हे म्हणाले, "झाकण नको, डोकं हवंय." दुकानदारानं मालकाला बोलावलं. मालकानं विचारलं, किती कप चहाची? तर म्हणे, "चहाचं नंतर बघू. कपाळ जरा पुढे आलेली दाखवा."

आणली शेवटी. दीड कपाची. टोपी घातली तर अशी गोड दिसायला लागली की आम्ही दोघं उभेच राहिलो. मग मला माझाच राग आला. किटली आहे! पितळेची!

३ डिसेंबर

मोजे आखूड केले, खुर्च्यांना ताणून बसवले. उशीचा रुमाल झालाय. मान आखडली. पोट मात्र... जाऊ दे, नाव काढायचं नाही.

१२ डिसेंबर

दुपारी कळा. वेळेच्या कितीतरी आधी. जावई दुकान उघडं टाकून धावत आले, भिंग डोळ्यालाच. दवाखान्यात नेलं. मीही गेले.

१३ डिसेंबर

थांबल्या. सगळं जागेवर आहे म्हणतात. अजून ठेवून घेतलंय. डॉक्टरीण म्हणाली, काळजी करू नका. मी म्हटलं, बाई, तुम्ही तुमचं काम करा, माझं मला करू द्या.

१५ डिसेंबर

घरी आणली. पलंगावर बसली, किटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "काढा सगळं."

"काय काढा?"

"तुला माहितीय काय. आत्ता. सगळं."

जावई खाली वाकले. मी त्यांना म्हटलं, "खुर्चीला तरी राहू द्या. खुर्चीनं काय केलंय?" आणि त्या खुर्चीवर बसून राहिले.

"आई, ऊठ."

"नाही उठत."

"आई. मला तो कप्पा परत रिकामा करायचा नाहीय."

उठले मग. काय करणार! जावयांनी एकेक मोजा काढला, चिमट्यानं स्प्रिंग काढावी तसा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला. मोठ्या किटलीचं काढलं, लहान किटलीचं काढलं. घर कसं भादरल्यासारखं दिसतंय.

बोलण्यासारखं होतं पुष्कळ.

१६ डिसेंबर

खुर्च्या किंचाळतायत. खालचा म्हातारा ठोकतोय.

१८ डिसेंबर

म्हातारा वर आला! काठी घेऊन, जिना चढून, धापा टाकत. मला वाटलं भांडायला आलाय, मी पदर खोचून तयार. दोन दिवस कुणावर तरी ओरडायची इच्छा होतीच.

तर दारातच म्हणाला, "बाई, काय झालं? महिनाभर वर काही वाजलं नाही. महिनाभर मी झोपलो! बायको गेल्यापासून असा झोपलो नव्हतो. आता पुन्हा सुरू. तुम्ही काय करत होता ते करा ना. हात जोडतो."

मी म्हटलं, "खुर्च्यांना मोजे घातले होते. काढले."

"का काढले?"

जावई छताकडे बघायला लागले.

"मोजे असताना काढतात का कुणी? थंडीचे?" म्हातारा आत बघत म्हणाला. "पोरी, तू सांग. तुझं ऐकतील. काय बिघडतंय मोजे घातले तर?"

लेक बघतच राहिली त्याच्याकडे. त्याच्या पायात दोन रंगांचे मोजे होते, एक भोकाचा.

मग म्हणाली, "काही बिघडत नाही काका. घाला हो त्या खुर्च्यांना."

जावयांनी खोकं आणलं. म्हातारा तिथेच थांबला, शेवटचा मोजा चढेपर्यंत. मग एक खुर्ची स्वतः ओढून बघितली, कान लावून. "वा," म्हणाला. गेला.

१९ डिसेंबर

सकाळी लेकीनं हाक मारली. "आई, तुझी उशी बघू."

आणून दाखवली. लपवायला त्यात राहिलंच काय होतं.

"ही काय चपटी झालीय. माझी घे." आणि आपल्या डोक्याखालची ओढून दिली. "हीसुद्धा आजीनंच भरलेली आहे. लोकरीची. मला दोन-दोन कशाला हव्यात?"

घेतली. शिवण बघितली तर एका बाजूनं आधीच उसवलेली. कात्रीनं, नीट.

मी तोंड फिरवून खिडकीतली धूळ पुसली. धूळ फार साठते त्या खिडकीत.

२७ डिसेंबर

आता बाईसाहेब हुकूम सोडतात! गरम पाण्याची रबरी पिशवी आहे ना, तिला अंगरखा हवा म्हणे.

"बाह्यांचा की बिनबाह्यांचा?" मी विचारलं.

"बाह्यांचा. बिनबाह्यांचा घातला तर पिशवीला गार लागेल."

"बटणं पुढे?"

"पुढे. मागची बटणं टोचतात पिशवीला, आडवी झोपली की."

जावई वहाणा घालता घालता थांबले. "आणि पिशवीला खिसा?" त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, "तुम्ही दुकानात जा."

६ जानेवारी

अंगरखा झाला. दोन दुधाच्या बाटल्यांना मिळून एक विजारही झाली. एक बाटली डाव्या पायात, एक उजव्या. टेबलावर उभी केली की कमरेखालचा माणूसच वाटतो. नर्सबाईनं बघितली आणि म्हणाली, "ह्या बाटल्यांची लांबी आता अगदी बरोबर आलीय."

लेक म्हणाली, "आमच्याकडे सगळं सामान चांगल्या अंगाचं आहे."

कुणी हसलं नाही. घरात कुणी हसतच नाही. सगळे ओठ चावून बसतात.

१४ जानेवारी

पहाटेच निघाले दोघं. मी चपला घालून उभी, तर लेक म्हणाली, "आई, तू घरी थांब."

"का?"

"दोन्ही वेळा तू आली होतीस."

लागलं. पण तिचंही खरं. भीती काही विचारून येत नाही, कुणाच्यातरी अंगावर जाऊन बसते. माझ्या बसली तर बसली, मी धट्टीकट्टी आहे. जावयांना म्हटलं, मफलर गुंडाळा. ती जिना उतरताना खालच्या म्हाताऱ्यानं दार उघडलं आणि काठी उंच करून दाखवली, का ते त्यालाच माहीत.

दिवसभर सुया हातात घेतल्या नाहीत. खुर्च्यांचे मोजे वर ओढले. परत खाली केले. परत वर. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही.

सगळं सामान अंगभर कपडे घालून बसलंय आणि माझ्याकडे बघतंय.

१५ जानेवारी

जावई आले आत्ता. लहान किटलीच्या टोपीचे बंद सोडले. रबरी पिशवीचा अंगरखा काढला, बटण न तुटता. मग टेबलाखाली शिरले, खुर्चीचे दोन मोजे काढले आणि खालूनच विचारलं, "आई, ह्यात डावा-उजवा असतो का?"

म्हटलं, "किटली कशी आहे?"

"शिट्टी मारतेय. कालपासून. अख्खा मजला डोक्यावर घेतलाय. चला, तिनं तुम्हाला बोलावलंय."

चपला सापडेनात म्हणून खुर्चीवर बसले. दोन पाय उघडे, दोन झाकलेले. डुगडुगते, आणि किंचाळते! खाली म्हातारा ठोकायला लागला.

ठोक बाबा. ठोक.