रोज दोन, बलकासकट

ता. ९, गुरुवार

प्रिय चिमे,

इकडे सगळं ठीक. तू, तुझा नवरा, पोरं धडधाकट असाल असं धरून चालते. सहा वर्षांत एक चिठ्ठी नाही आणि आता हिला काय उमाळा आला, असं म्हणशील. म्हण. उमाळा-बिमाळा काही नाही, काम आहे. ओळी वर-खाली गेल्यात, त्याबद्दल पेनला शिव्या दे. तू दवाखान्यात रोग्यांनी काय खायचं ते ठरवतेस, म्हणून तुलाच विचारते.

अंड्याने नक्की काय होतं?

हसू नकोस. अठरा वर्षं मी अंड्यांच्या गोदामात, अंधाऱ्या खोलीत बसून एकेक अंडं दिव्यावर धरते. आत रक्ताचा ठिपका आहे का, कवचाला तडा आहे का, बघते. अंड्याच्या पोटातलं सगळं मला ठाऊक. पण ते माणसाच्या पोटात गेल्यावर काय करतं, हे कधी कुणाला विचारलं नाही. शिंपी सदऱ्याला थोडंच विचारतो, बाबा रे, पुढे तुझं काय झालं?

गेल्या महिन्यात गोदामाच्या भिंतीवर मोठा कागद लावला, अंडी खाण्याचे फायदे. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बडबडी बाई बसते, तिला आम्ही रेडिओ म्हणतो. तिच्याकडून वाचून घेतला.

"का गं, तुला वाचता येतं की!" ती म्हणाली.

"माझे हात गुंतलेत, तुझं तोंड मोकळं आहे. वाच."

अंड्याने ताकद येते, अंग भरतं, लवकर भूक लागत नाही, असं काय काय होतं. आणि अगदी खाली होतं, पिवळ्या बलकात डोळ्यांच्या उपयोगाचं काही असतं.

आता आमचा मुकादम म्हणतो, बलक खाल्ला की हृदय बंद पडतं, नुसतं पांढरं खा. त्या शहाण्याचं ऐकून मी वर्षानुवर्षं बलक मांजराला घातला. मांजर चौदा वर्षांचं झालं, अजून भिंतीवर उडी मारतं! मग खरं कोण, मुकादम की मांजर?

कच्चं बरं की उकडलेलं? रेडिओ म्हणाली, कच्चं दुधात फेटून पी. प्यायले. दोन दिवस पोट धरून बसले. आणि लाल कवचाच्या अंड्यात जास्त दम असतो का? गिऱ्हाईक त्याच्यावर तुटून पडतं. मला तर दिव्यावर दोन्ही आतून सारखीच दिसतात.

दिसायची.

महिना झाला, रोज दोन खातेय, बलकासकट. गुण यायला किती दिवस लागतात?

कशाला गुण, ते विचारशीलच. माझ्या टेबलावरचा दिवा मंद झालाय, असं मला वाटत होतं. दोनदा बल्ब बदलून घेतला. तिसऱ्यांदा वीजवाला म्हणाला, "मावशी, याच्याहून मोठा लावला तर अंडी उकडून निघतील." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर नाही हसले.

बरोबर मधोमध धुकं येतं, चिमे. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. ट्रेची सरळ कड वाकडी दिसते. हल्ली मी दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकावते आणि तडा कानाने ओळखते, तडकलेलं बद्द वाजतं. पण रक्ताचा ठिपका वाजत नाही. गेल्या आठवड्यात तीन ट्रे परत आले. मुकादमाने रेडिओला झाप झाप झापलं. ट्रे माझे होते. मी गप्प बसले. मी! उद्या त्याला खरं सांगणार आहे. टेबल जाईल. जाऊ दे, तिने का ऐकून घ्यावं?

आईचंही असंच सुरू झालं होतं. तू तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आलीस आणि मी तुला दारातच म्हटलं, चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस, वयाने होतं ते. शेवटची दोन वर्षं ती हाताने माझं तोंड चाचपून मग बोलायची. हे तुला कधी कळू दिलं नाही. आता सांगितलं.

मला गोड बोलून फसवू नकोस. अंड्याने गेलेली नजर परत येते, की उरलेली तेवढी टिकते? का तेही नाही? नाही म्हणालीस तरी खाईन, पण खरं कळू दे.

पत्र पोचायला चार दिवस धरून, पुढच्या सोमवारी, वीस तारखेला, दुपारच्या बसने येते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावून ठेव. बस कुठली ते कुणालाही विचारेन, त्यात कसली लाज. तू दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहा. आणि मी तुझ्यासमोरून न बघता पुढे गेले, तर ही अजून रुसलीय असं समजू नकोस. मला दुरून तोंडं ओळखू येत नाहीत. जुनं भांडण धरून गप्प उभी राहिलीस, तर मी तशीच निघून जाईन आणि मला कळणारही नाही.

तेव्हा आधी तू हाक मार.

तुझी,
थोरली