अकरा अध्यक्ष आणि एक टिल्लू

माझ्या बाकावरच्या चिमणीस,

अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून तीन महिन्यांनी मोठी आहे. तू आजी झालीस म्हणून हे बदलत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? जावयाची बदली रद्द झाली का? माझं विचारशील तर परवापर्यंत बरं होतं. आता घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. शाळेतल्या सिस्टरांनी हे पत्र पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

तुला तो दिवस आठवतो का, आपण पाचवीत होतो आणि पहिलीच्या वर्गातून आपल्याला बोलावणं आलं होतं? सिस्टरांनी तुझ्या धाकट्या भावाचं नाव हजेरीत वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट तीनदा पुकारलं होतं, आणि तो मांड्यांखाली हात दाबून, बुटांच्या टोकांकडे बघत बसला होता. असं लांबलचक नाव असलेला कोणी मुलगा आपल्या ओळखीचा नाही, असा चेहरा होता त्याचा. तू दारातच लाजेने रडायला लागलीस. मग मीच पुढे झाले आणि त्याच्या कानात म्हटलं, "टिल्लू, ऊठ. पाच लिमलेटच्या गोळ्या देईन." तो उठला. आधी एक पाय, मग दुसरा. परत येताना पाण्याच्या नळापाशी तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस, की हे घरातलं नाव माझ्या तोंडून पुन्हा चारचौघांत निघणार नाही. चिमणे, जवळजवळ पन्नास वर्षं मी ती पाळली. परवा मोडली. आठशे माणसांसमोर, माइकवरून.

नीट सांगते, नाहीतर तू मध्येच फोन करशील आणि मला बोलता येणार नाही. कार्यक्रमांत व्यासपीठावरच्या टेबलावर नावांच्या पाट्या ठेवतात ना, त्या आमच्या कार्यालयात एकतीस वर्षं मी लिहितेय. (छपाई आली, संगणक आले, पण बडेसाहेबांना माझंच वळण लागतं.) गेल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या नावामागचं 'श्री.' गळलं आणि शेजारच्याच्या मागे ते दोनदा पडलं. त्यावरून दोघांनी भाषणं सोडून एकमेकांची घराणी काढली. तेव्हा बडेसाहेबांनी परिपत्रक काढलं, की राजकीय नेत्यांचा उल्लेख यापुढे केवळ पदाने करावा, नावाने करू नये, आणि पदाआधी 'माननीय' लिहावं. मला धक्काच बसला. माणसाचं नाव नीट घेणं हा पहिला शिष्टाचार, असं आपल्याला छडी हातात धरून शिकवलेलं. मी हेडक्लार्कना तसं म्हटलं, तर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "बाई, नावं येतात जातात, पदं राहतात. पाट्या पुन्हा वापरता येतील." (बिस्किट चहात पडलं. तेवढंच समाधान.)

परवा नव्या वाचनालयाचं उद्घाटन होतं आणि राजधानीहून पक्षाचे अध्यक्ष येणार होते. ते अध्यक्ष म्हणजे आपला टिल्लू, हे मला ठाऊक होतं, पण कार्यालयात मी कधी ओळख सांगितली नाही. मी नियमाप्रमाणे एक पाटी लिहिली, 'मा. अध्यक्ष', आणि मधल्या खुर्चीसमोर ठेवली. या शहरात किती अध्यक्ष आहेत, हा विचार कोणालाच सुचला नव्हता. पहिले व्यापारी संघाचे अध्यक्ष आले, पाटी वाचून प्रसन्न झाले आणि बसले. मग युवा आघाडीचे आले आणि म्हणाले, "काका, पाटी बघा, ही जागा माझी आहे." मग महिला आघाडीच्या आल्या. त्यांनी नुसती पर्स टेबलावर ठेवली. मग शहर शाखेचे अध्यक्ष आले, आणि त्यांच्यामागून तीच शाखा खरी कोणाची यावर भांडणारे दुसरे. मग एक माजी. मग एक, ज्यांची निवड पुढच्या महिन्यात व्हायची आहे. शिपाई खुर्च्या आणून आणून दमला. मी मोजले, अकरा. कोणी हटेना, कारण प्रत्येकाचं म्हणणं कागदोपत्री बरोबर होतं.

आणि बारावा, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो कुठे? त्याची गाडी त्याच्याच स्वागताच्या मिरवणुकीमागे अडकली, म्हणून तो उतरून एकटाच चालत बाजूच्या दाराने आत आला होता. कोणी ओळखलं नाही. दारातल्या फलकावरच्या फोटोत त्याला भरगच्च केस आहेत. (चिमणे, रागावू नकोस, पण तो फोटो तुझ्या लग्नातला आहे. मागे तुझ्या शालूचा काठ दिसतो.) हेडक्लार्कनी माइकवर विनंती केली, "माननीय अध्यक्षमहोदयांनी कृपया उभं राहावं." अकराच्या अकरा जण उभे राहिले. नमस्कार केला, बसले. पुन्हा विनंती, पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा लोक टाळ्या वाजवायला लागले. हेडक्लार्कना दरदरून घाम फुटला. तो पुसायला त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

तेवढ्यात मला तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, एक टक्कल पडलेले जाडजूड गृहस्थ दिसले. दोन्ही हात मांड्यांखाली. नजर बुटांच्या टोकांवर. आणि माझ्या तोंडून गेलं, "टिल्लू, ऊठ."

ते उठले. आधी एक पाय, मग दुसरा. सभागृहात टाचणी पडली असती तरी तिने माफी मागितली असती. उरलेला कार्यक्रम मी पडद्यामागे सतरंज्यांच्या ढिगावर बसून ऐकला.

दुसऱ्या दिवशी मेमो. 'माननीय अध्यक्षांस जाहीर सभेत घरगुती नावाने व एकेरीत संबोधण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, याचा लेखी पुराव्यासह खुलासा शुक्रवारपर्यंत करावा.' या महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय, चिमणे. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, आणि शेवटच्या पानावर हा पडणार.

खरा धक्का मात्र तिसऱ्या दिवशी बसला. सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या भिंतीवर भलामोठा फलक, 'सर्वांचे लाडके टिल्लूभाऊ', आणि खाली हात जोडून अकरा अध्यक्ष. दूधवाला म्हणाला, "टिल्लूभाऊ म्हणजे आपला माणूस." इस्त्रीवाला म्हणाला, आपण त्यांना पहिल्यापासूनच टिल्लूभाऊ म्हणतो. दुपारी नवं परिपत्रक आलं, की यापुढे सर्वत्र 'मा. टिल्लूभाऊ' असाच उल्लेख करावा. मी म्हटलं, चला, सुटले. हेडक्लार्क म्हणाले, "नाही बाई, मेमो रद्द नाही, दुरुस्त झालाय. नाव घेतल्याबद्दल आता तक्रार नाही. मागचं 'माननीय' आणि पुढचं 'भाऊ' गाळल्याबद्दल आहे."

मी हसले नाही. तुझी आई त्याच्या शर्टाची बटणं लावताना ज्या आवाजात ते नाव घ्यायची, तो मला अजून ऐकू येतो. आता ते कर्ण्यावरून ऐकू येतं. तुमच्या घरातली एक वस्तू मी उचलून रस्त्यावर ठेवली, असं वाटतं. माफ कर.

तुझीच,
बाकाच्या भिंतीकडच्या टोकाची

ता. क. अधिकाराचा लेखी पुरावा तू देऊ शकतेस. थोरली बहीण या नात्याने दोन ओळींचा दाखला लिहून पाठव, की सदर बाई सदर इसमास तो सहा वर्षांचा असल्यापासून या नावाने उठवत आल्या आहेत आणि घरच्यांची हरकत नाही. शुक्रवारच्या आत पोचेल असं बघ. त्याला मात्र सांगू नकोस. वशिला लावला असं होईल.

ता. क. २. वर 'तोंडून गेलं' असं लिहिलंय, ते खुलाशातही तसंच लिहिणार आहे. तुला खरं सांगते, गेलं नाही. मी म्हटलं. कोणी बोलावलं नसतं तर तो घंटा होईपर्यंत तसाच बसून राहिला असता, चिमणे.

ता. क. ३. व्यासपीठावर जाताना तो माझ्याजवळ वाकला. सगळ्यांना वाटलं, झापतोय. म्हणाला, "ताई, तू दोनच गोळ्या दिल्या होत्यास." तेव्हा सोबतच्या पुडक्यातलं असं वाट: टाकाची पेटी तुझ्या नातीला, मला आता पाट्या लिहायच्या नाहीत. 'मा. अध्यक्ष' ही पाटी तुला, मागची बाजू कोरी आहे, वाणसामानाची यादी लिहायला होईल. लिमलेटच्या तीन गोळ्या त्याला. पुडीवर नाव घातलेलं नाही, पदही नाही. तूही काही लिहू नकोस. हातात दे.