पिंजल्यावरची घट

अब्बा,

आज पंखा बंद करून, दारं-खिडक्या लावून स्वयंपाकघरात बसलेय, तरी नाकातोंडात पिसं जातायत. माझ्या लेकीला हिमालयात चढायला जायचंय. तिथं तंबूत झोपायला हलकी, उबदार दुलई लागते म्हणे, आणि ती घरीच शिवायचं खूळ बाईसाहेबांच्या डोक्यात शिरलंय. आत कापूस नाही, बदकाच्या पोटाखालची लव. दुलईला कप्पे पाडलेत आणि एकेका कप्प्यात ती लव तोलून भरायची. ती म्हणाली, "आई, अंदाजानं भर ना, दिसतंय की भरलेलं." मी खेकसलेच तिच्यावर, "दिसण्यावर जाऊ नको, काट्यावर ठेव!" अगदी तुमचाच आवाज निघाला तोंडातून, आणि मला माझाच राग आला.

तुमचं तेच असायचं. पिंजलेला कापूस फुगून खोली भरायची आणि तुम्ही म्हणायचात, "फुगला म्हंजे वाढला न्हाई." तागडीत पडल्याशिवाय एक मूठ खोळीत जात नसे. म्हणून तर लातूरच्या बायका लेकीच्या लग्नातली गादी तुमच्याकडूनच भरून घ्यायच्या. मला लई अभिमान वाटायचा त्याचा. आता तो शब्द उच्चारायलाही जड जातो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडंतिकडं नव्या ऑफिसांच्या पाट्या रंगत होत्या, आणि आपल्या गल्लीतल्या आडाचा तळ दिसत होता. पाऊस नव्हता, थंडी मात्र हाडं फोडणारी. गोलाईच्या बाजारातल्या दुकानदार आप्पांनी किनवटकडच्या जंगलातल्या एका वसतिगृहाच्या रजयांचं काम आणलं. कापूस त्यांचा, पिंजणं-भरणं तुमचं. तुम्ही एकेका रजईचं वजन ठरवून दिलं, पण ते पिंजल्यानंतरचं. पिंजताना माती-कचरा झडतो, कापूस घटतो, हे तुम्हाला काय कोणी शिकवायचं? नेहमीची घट धरूनच तुम्ही हो म्हणालात. पण दुष्काळातला कापूस तो! निम्मा पाला, निम्मी धूळ. तुम्ही पिंजत होता आणि खाली नुसती माती पडत होती. शेवटच्या काही रजया उरल्या आणि कापूस संपला. पिंजाऱ्यानं एकदा पिंजल्यानंतरचं वजन बोललं की घट त्याची, त्यानंच भरून द्यायची, हा आपल्या धंद्याचा रिवाज.

आप्पा ओट्यावर बसून हसले होते. "अहो भाई, एवढं काय घेऊन बसलात? सगळ्यातून मूठ मूठ काढा. पोरं काय तागडी घेऊन झोपणार आहेत का?" तुम्ही म्हणालात, "जंगलात थंडी लई आसते, आप्पा. वजन बोललोय मी." कापूस विकत आणायला पैसा नव्हता, आणि भर दुपारी तुम्ही घरातल्या रजया उसवायला घेतल्या. पहिल्यांदा तुमची, मग अम्मीची. तरी पुरेना. तेव्हा आम्हा दोघी बहिणींची काढली. धाकटी कोपऱ्यात खोकत बसली होती. अम्मी रजईचं टोक धरून उभी, सोडेचना. "पराये बच्च्यां का पूरा, अपनी का आधा?" तुम्ही निम्मा कापूस काढलात, उरलेला सारखा केलात आणि स्वतः टाके घातलेत. उन्हात धरली तर रजईतून पलीकडचं दिसत होतं.

पुढं काय झालं ते तुम्हाला काय सांगायचं? तुमच्याच हातावर धाकटी गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. दवाखान्यात आधी आणायला हवं होतं म्हणाले. रजईचं कोणी त्यांना विचारलंच नाही. तिची माती करून परत आलात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पिंजण घेऊन बसलात. मी तुमच्याकडं पाहते आहे, तुम्ही कापसाकडं पाहताय, आणि पिंजणाच्या तारेचा आवाज काही थांबत नाही. तेव्हा तुमच्या अंगावर दगड घालावा असं वाटलं होतं मला.

इतकी वर्षं जो तो मला सांगत आला, तुझा बाप म्हणजे देवमाणूस, गरिबाच्या लेकरांचं माप मारलं नाही त्यानं. मी मान हलवते. बरोबरच आहे. किनवटच्या त्या पोरांनाही आया होत्याच की. त्यांच्यातलं कोणी थंडीनं गेलं नसेल तर ते तुमच्यामुळं, हे मला कळतं. पण त्यांच्यातल्या कोणाचं तोंड मी पाहिलेलं नाही. धाकटीचं पाहिलंय.

तुम्हीही आता नाही, हे लिहून कुठं टाकणार? लेक विचारत होती काय लिहितेस, मी म्हटलं वाणसामानाची यादी. तिला तिची मावशी होती एवढंच माहीत आहे. तुम्हाला मात्र एक सांगते, अब्बा. तुमच्या जागी मी असते ना, तर सगळ्या रजयांतून मूठ मूठ काढली असती. आणि मला झोपही लागली असती.