तुमच्या तिथीला सामना होता

अण्णा, या वर्षी तुमचं श्राद्ध मी केलं नाही. आजारी नव्हते, गावाला गेले नव्हते, तिथी विसरले नव्हते. कार्तिक वद्य सप्तमीला कॅलेंडरवर दर वर्षीप्रमाणे मीच लाल पेनानं गोल केला होता. त्या दुपारी माझ्या मुलींचा फुटबॉलचा सामना होता आणि मी मैदानावर होते. क्षमा मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कपाळाला आठ्या घालून तुम्ही शेवटपर्यंत त्याची वाट बघत बसणार नाही.

माझ्या मुली म्हणजे पोटच्या नव्हेत. मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी इंदिरानगरच्या मैदानावर मुलींचा क्लब चालवते. तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ‘हिचं चेंडू लाथाडणं सुटणार कधी?’ असं तुम्ही आईला विचारायचात, त्याचं उत्तर आता घ्या: सुटलं नाही, उलट आणखी वीसेक जणींना लावलं. यंदा आमचा क्लब देशभरच्या महिला क्लबांच्या कप स्पर्धेत उतरला. नॉकआउट स्पर्धा, म्हणजे जिंकला तो पुढच्या फेरीत आणि हरला तो त्याच दिवशी घरी. आमची गोलकीपर हरसूलकडची आहे. तिच्या आईनं तिला विचारलं की हरल्यावर परत कधी खेळायचं, तर ही म्हणाली, “हारल्यावर नाय खेळायचं, आये. हारल्यावर भात कापाया यायचं.” इतक्या थोडक्यात ती स्पर्धा मलाही कुणाला समजावून सांगता आली नसती.

पहिली फेरी इथंच झाली, बडोद्याच्या संघाशी, घोटाभर चिखलात. आमची पुढं खेळणारी मुलगी चांदवडची, कांद्याच्या शेतात वाढलेली, तिला चिखलाचं काय कौतुक. एका कॉर्नरवर गर्दीतून चेंडू तिच्या नडगीला लागून आत गेला आणि तेवढ्या एका गोलावर आम्ही निभावलं. दुसरी फेरी हैदराबादला. पूर्ण वेळ गेला, जादा वेळ गेला, गोल कुणाचाच नाही. शेवटी पेनल्टीवर हरसूलकरणीनं उड्या मारून सामना काढला. परतीच्या गाडीत निम्म्या जणींना बसायला जागा नव्हती, तरी मनमाडपर्यंत कुणाचं तोंड बंद नव्हतं. त्या गाडीतच फोनवर कळलं की उपान्त्यपूर्व फेरी आमच्या मैदानावर आहे, कोलकात्याच्या संघाशी. पोरी बाकांवर चढून नाचल्या. मी घरी येऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि तो लाल गोल बघितला.

तुम्हाला माझ्या शाळेतली ती एक दुपार आठवते का? मला आठवते, कारण त्या दुपारपासून मी तुमच्याशी मनात भांडते आहे. मी नववीत आहे. पितृपंधरवडा चालू आहे, तुम्ही पहाटेपासून रामकुंडावर यजमानांच्या गराड्यात, आणि आज घरी आजोबांची तिथी. माझी शाळांच्या स्पर्धेतली फायनल आहे. आई सकाळीच बाजूला बसली आहे, तिनं स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि हे घाटावर कळल्यावर तुम्ही मला घ्यायला माणूस पाठवलात तो नेमका मध्यंतरात पोचला. सामना बरोबरीत आहे. मी तशीच सायकलवर बसते, घरी येते, अंघोळ करते आणि ओल्या केसांनी स्वयंपाकाला लागते. आई मागच्या दाराशी बसून सांगते, आता खीर उतरव, वड्यांची भरड जरा सैल भिजव, आमसुलाच्या चटणीत गूळ कमी पडलाय. मी सगळं करते. वडे चांगले फुगतात. संध्याकाळी मैत्रीण दाराबाहेरूनच सांगून जाते की आपण हरलो.

त्याआधी दुपारी तुम्ही घाटावरून आलात, पाय धुवायला लागलात, तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, आज फायनल होती.” तुम्ही वर न बघता म्हणालात, “सामने पुन्हा होतात. तिथी चुकली की चुकली.” आणि आत जाऊन श्राद्धाला बसलात. जेवताना वडे चांगले झालेत असंही म्हणालात. मी आणखी दोन वाढले. त्या वाक्याचं उत्तर आता ऐका. तिथी दर वर्षी येते, अण्णा. उन्हाळा असो, हिवाळा असो, कुणी जगो, कुणी मरो, ती आपली न बोलावता येते. आणि पंधरवड्यातली एखादी चुकलीच तर सर्वपित्री अमावास्या आहेच, तुमच्या शास्त्रानं विसरभोळ्यांचीसुद्धा सोय करून ठेवली आहे. माझी ती फायनल मात्र परत आली नाही. पुढच्या वर्षी दहावी म्हणून तुम्ही मैदानच बंद केलंत. तुम्ही बोललात ते बरोबर उलटं होतं, आणि घाटावर तुमचा शब्द प्रमाण मानणाऱ्या एवढ्या लोकांत हे तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

तुमच्यावर अन्याय मात्र करणार नाही. मला मंत्र तुम्हीच शिकवलेत. भाऊबंदांत चर्चा झाली, मुलीला हे शिकवतात का, तरी तुम्ही रोज संध्याकाळी देवघरापुढं बसवून म्हणवून घेतलंत, बोटात घालायचं दर्भाचं पवित्रक वळायला शिकवलंत, आणि एकदा सरळ सांगितलंत, “माझं तूच करायचं.” म्हणून तुम्ही गेलात तेव्हा मी घाटावर मागं हटले नाही. काका आडवे आले. त्यांचा मुलगा तयार उभा होता. मी संकल्प म्हणायला लागले आणि कुठंही अडखळले नाही, तेव्हा जमलेल्यांतलेच दोघे जुने गुरुजी म्हणाले की येतंय तर करू द्या. काकांनी परवानगी दिली ती अट घालून: एक वर्ष जरी चुकलं तरी पुढचं सगळं आमच्या मुलाकडं. मी एकही वर्ष चुकवलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी खाली बसता येत नव्हतं, तर स्टुलावर बसून केलं. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा तुमची घाटावरची जागा सांभाळतो, आणि दर वर्षी माझ्या शेजारी बसून मंत्र सांगायला तोच येतो. माणूस भला आहे.

तर यंदाची गोष्ट. श्राद्धाची वेळ दुपारची, आणि आमच्या मैदानावर दिवे नाहीत म्हणून सामनाही दुपारचाच. सकाळी लवकर उरकता येईल का, असं मी या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला की अपराह्णकाळ सोडून केलेलं अण्णांनी कुणाचं चालवून घेतलं असतं का, तूच सांग. सामन्याची वेळ बदलून मागितली, तीही मिळाली नाही. तुझ्या हाताखालच्या मुलीला बसव की बाकावर, असंही तो म्हणाला. मग म्हणाला, “ताई, बाबांचा शब्द आहे. यंदा मी पाटावर बसलो तर पुढं मीच बसणार. नीट विचार कर.” मी खरंच विचार केला. इतकी वर्षं भांडून राखलेली जागा एका दुपारपायी घालवायची, आणि तीही कुणी बळकावली म्हणून नव्हे, आपण होऊन उठून.

आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तर ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. शेवटची पाकळी ताटलीत टाकून म्हणाली, “त्यांची एकही तिथी तू चुकवली नाहीस. तुझा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. जा तू. घरचं मी बघते.” जन्मभर तुमच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई आहे ही, अण्णा.

पण माझं ठरलं ते आईमुळं नाही, तुमच्यामुळं. एका वर्षी माघातली आजोबांची वार्षिक तिथी होती, त्या दिवसामुळं. घरी सगळी तयारी, काका ताटकळलेले, आणि तुमचा पत्ता नाही. भर दुपारी घाटावर छत्तीसगडकडचं एक कुटुंब अस्थी घेऊन उतरलं होतं, त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं, भाषाही धड कळत नव्हती. तुम्ही त्यांचं सगळं यथासांग केलंत, त्यांना जेवायला कुठं मिळेल ते दाखवलंत आणि दिवस मावळायला घरी आलात. तुमच्या लाडक्या अपराह्णकाळाचं काय झालं ते तुम्हालाच ठाऊक. काका संतापले, स्वतःच्या बापाचं असं करतात का म्हणाले. तुम्ही खुंटीवरचं सोवळं काढत एवढंच म्हणालात, “ते लांबून आले होते. आपला बाप इथलाच आहे, थांबेल.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही मला शिकवलेल्या सगळ्या मंत्रांपेक्षा हे वाक्य मला जास्त पाठ आहे.

माझ्याही मुली लांबून आल्या होत्या. कुणी हरसूलच्या डोंगरातून दोन गाड्या बदलून सरावाला येते, कुणी चांदवडहून कांद्याच्या टेम्पोत बसून. घरी बोलणी खाऊन येतात. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना आणि बाकावर मी नाही, असं मला करता आलं नसतं. मी त्या मुलींमधली एक होते, मला मध्यंतरात घरी नेलेलं आहे. मी भावाला फोन करून सांगितलं की तू बस.

सामना आम्ही हरलो. जिंकलो असतो तर हे लिहायला शोभलं असतं, पण हरलो. कोलकात्याच्या मुली आमच्याहून चांगल्या होत्या, त्यात खोटं कशाला बोलू. मध्यंतराला एक गोल मागं होतो. नंतर चांदवडकरणीनं डोक्यानं असा गोल केला की रस्त्यावरचे रिक्षावाले आत येऊन कुंपणाला लटकले. शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा एक फटका आमच्या गोलकीपरच्या बोटांना लागून आत गेला. शिट्टी झाल्यावर ती खांबाला टेकून बसली होती. मी जाऊन हात दिला तर म्हणाली, “मॅडम, आता भात कापाया जायचं ना?” मी म्हटलं, जा, आणि कापून झालं की सोमवारी सरावाला ये. ती हसली. मला काही पश्चात्ताप नाही, अण्णा. पुढच्या वर्षी याच तिथीला सामना आला तरी मी बाकावरच असेन.

जाळी काढत होतो तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, ताई, सगळं यथासांग झालं, काळजी करू नको, कावळ्याचं पान ठेवून मी मागं वळलो तोवर कावळा आलासुद्धा. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मला बरं वाटावं म्हणूनच सांगत होता. मला तुम्ही दर वर्षी उन्हात उभं करायचात. पान ठेवायचं, हात जोडायचे आणि कावळा काही यायचा नाही. मग मी एकेक कबूल करत जायची, आईला सांभाळीन, घाटावरच्या लोकांशी भांडणार नाही. एकदा तर ‘लग्नाचं बघते’ म्हटलं तेव्हा कुठं आलात, आणि ते मी काही पाळलं नाही. आई आत भुकेली बसायची आणि आपलं हे चालायचं. मला वाटायचं की हा आपला हट्ट आहे, बापलेकीचा, तो दुसऱ्या कुणाशी होणार नाही. आणि त्याच्या हातचं तुम्ही लगेच घेतलंत.

हे पत्र मी गोदेत सोडणार नाही, तिथं लोकांनी आधीच पुष्कळ घाण केली आहे. तुमच्या फोटोपुढंही ठेवणार नाही, आई वाचेल. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी मैदानाच्या मधोमध बसून रडले. मुली धावत आल्या, मला मिठ्या मारायला लागल्या, मॅडम, पुढच्या वर्षी कप आणू म्हणाल्या. त्यांना वाटलं मी सामन्यासाठी रडतेय, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.