उत्तरेच्या खिडकीची खोली धाकटीला

इथे राहण्याचे परवाने देणाऱ्या कार्यालयाने माझ्या धाकट्या बहिणीच्या अपिलात लेखी विचारले आहे: बोलावणारी व्यक्ती मरण पावल्यास अर्जदार कुठे राहणार? बोलावणारी मी, आणि सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, परदेशातून इथे येऊ पाहणाऱ्यांचे खटले चालवणारी वकील. मी स्वतःही अशीच आले. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास समोरच्या बाजूच्या वकिलांना विचारावे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तेवढी कोणाची छाती नाही.

१. राहते घर, सामानासह, माझ्या धाकट्या बहिणीला. ती चित्रकार आहे. हे मी ठळक लिहिते, कारण तिने स्वतः सांगितले नाही. कलावंतांसाठीच्या परवान्याची मुलाखत झाल्यावर मी तिला फोन केला.

"काय विचारलं गं?"

"काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही हो, जराशी चित्रं काढते."

"जराशी?"

"ताई, स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं?"

"मग कुणाच्या तोंडाने, माझ्या?"

अधिकाऱ्याने 'व्यवसाय: नाही' असे नोंदवून अर्ज फेटाळला. आईने आम्हाला मिरवू नये असे शिकवले. मी ते वकिलीत विसरले, धाकटी नाही विसरली. तिकडे, मायदेशी, सरकारने तिचे प्रदर्शन दुसऱ्या दिवशी बंद पाडले, कारण सांगितले नाही. इथे सरकारला कारण विचारता येते. मी इथे राहिले ती त्यासाठी.

अपील माझी वकिलीतली भागीदारीण चालवते आहे. बहिणीचा खटला बहिणीने चालवू नये.

वरच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. दिवसभर सारखा उजेड असतो, ऊन येत नाही. मी तिथे भाडेकरू ठेवला नाही. चादर मात्र दर महिन्याला बदलते. संध्याकाळी खाली बसले की वर कोणी चालल्याचा आवाज ऐकावासा वाटतो. कायद्यात याला कलम नाही.

अपील हरले तरी घर तिचेच. भाड्याने द्यावे, विकावे, कुलूप लावावे, तिची मर्जी. कोणी तिला सल्ला देऊ नये.

२. बचत माझ्या कार्यालयाला, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या खटल्यांसाठी. कवी, वादक, नट आधी घेऊ नयेत. रांगेत जो पुढे, तो पुढे. माझ्या बहिणीलाही मी रांग मोडू दिली नाही.

३. कोर्टात घालायचा काळा झगा भागीदारणीला. तिला आखूड होईल. तिने उलटतपासणीत आवाज चढवू नये, हे मी तोंडी सांगून थकले.

४. थोरल्या भावाला काही नाही. त्याने धाकटीची चित्रे पोटमाळ्यावर टाकली आणि वर म्हणाला, "जागा अडत होती." त्याच्यावर माझा राग आहे. प्रेमही आहे, पण ते वाटण्याजोगे नाही.

५. अंत्यविधी साधा. भाषणे नकोत.

अंमलबजावणी भागीदारणीने करावी. तिला झगा मिळतो, म्हणून ती साक्षीदार नाही.

साक्षीदार, दोघांनी मला सही करताना पाहिले:
शेजारच्या दंतवैद्य बाई (सही)
चित्रांच्या चौकटी करणारे सुतार (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)
ठिकाण: कार्यालय, दुसरा मजला. शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार.

सुपूर्द केल्याची नोंद: मूळ प्रत भागीदारणीकडे. नक्कल परवाना कार्यालयात, पोच मिळाली. घराची किल्ली धाकटीला आजच कुरियरने रवाना केली. ती माझ्या मृत्यूनंतर द्यावी, असे मला वाटत नाही.